सुई ओवतानाचा शॉट

प्रिय ताई,

तुला पत्र लिहायला बसलो की अजूनही शुद्धलेखन तपासलं जाणार असं वाटतं. तीन कागद फाडून झालेत. फोन करायला हवा होता हे मला कळतं. पण फोनवर तू मधेच "जेवलास का?" म्हणतेस, मी "हो" म्हणतो, आणि जे बोलायचं ते राहून जातं. गेल्या कित्येक वर्षांत ते असंच राहिलं आहे. म्हणून हे पत्र, आणि तेही सकाळी, चहा व्हायच्या आत. चहा झाल्यावर माणूस स्वतःशी जरा जास्तच प्रेमाने वागू लागतो.

आधी खुशाली. माझी खालची दाढ काढली. ही बरी आहे, गुडघ्यावर बसून सारखी बागेतली माती उकरत असते आणि मग गुडघे दुखतात म्हणून मलाच ऐकवते. तुझ्या मोतीबिंदूचं काय झालं? भाची म्हणत होती, तू आता ऑपरेशनला तयार आहेस. लवकर उरकून टाक. तुझे डोळे किती चांगले होते हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

परवा इथल्या चित्रपट शिक्षणसंस्थेत माझं व्याख्यान झालं. विषय माझा ठरलेलाच. जुन्या चित्रपटांतून उचललेल्या गोष्टींना आदरांजली म्हणायचं की चोरी? हे भाषण मी इतक्यांदा केलंय की त्यातले ठसकेसुद्धा ठरलेले आहेत. माझ्या कुठल्या चित्रपटातली पायऱ्यांवरची धावपळ कुणाची, पावसात उघडं राहिलेलं दार कुणाचं, हे मी तोंड वर करून सांगतो. लोकांना वाटतं, काय प्रामाणिक माणूस आहे! खरं तर ज्यांची नावं मी घेतो ते सगळे थोर आहेत आणि बहुतेक वारलेत. त्यांचं नाव घेतलं की माझाच भाव वधारतो. त्यात कसला आलाय प्रामाणिकपणा? भाषणाच्या शेवटी एक मुलगी उभी राहिली. सडपातळ, हातात वही, नाक अगदी तुझ्यासारखं. तिने विचारलं, सर, ज्याच्याकडून घेतलं त्याला कुणी ओळखतच नसेल तर? मी एक विनोद केला. सगळं सभागृह हसलं. ती हसली नाही. ती वहीत काहीतरी लिहीत खाली बसली.

ताई, तुला तो दिवस आठवत असेलच, पण मला तो माझ्या बाजूने सांगू दे. तुझ्या लघुपटाचा शेवटचा दिवस होता. भाड्याचा कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता आणि फिल्मचं एकच रीळ उरलं होतं. नट आला नाही म्हणून तू बाबांना स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलंस. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. कोटाचं तुटलेलं बटण सुईदोऱ्याने लावा, एवढंच तू त्यांना सांगितलंस. उभ्या जन्मात त्यांनी कधी बटण लावलं नव्हतं. मी तुझा फोकस सांभाळणारा. भिंगापासून बाबांच्या नाकापर्यंत टेपने मोजलं, सहा फूट भरलं, खडूने खूण केली. ते मागेपुढे झाले तर लेन्सची चकती तेवढी फिरवायची, एवढंच माझं काम.

आणि बाबांना सुईचं भोक दिसेना. चाळिशीचा चष्मा आतल्या खोलीत राहिलेला. सुई धरलेला हात त्यांनी लांब केला, मान मागे नेली, मग सगळे खांदेच मागे गेले, आणि त्यांचा चेहरा धूसर झाला. जिथे चेहरा होता तिथे आता त्यांचे हात आले होते, सुई आणि दोरा अगदी स्वच्छ. मी चकती फिरवायला हवी होती. मी फिरवली नाही, कारण मी चकतीकडे बघतच नव्हतो. मी बाबांकडे बघत होतो. दोरा चार वेळा हुकला, पाचव्यांदा गेला, आणि रीळ संपलं.

मी रडकुंडीला आलो होतो. वाटलं, आता ताई माझी सालटी काढणार. लॅबमध्ये आपण दोघांनी तो तुकडा पडद्यावर पाहिला तेव्हा तू तो पुन्हा एकदा लावायला सांगितलास. मग म्हणालीस, हेच ठेवायचं, एक फ्रेमही कापायची नाही. मला तेव्हा कळलं नव्हतं. चूक माझी होती, पण ती चूक म्हणजेच सगळं काही आहे हे पाहिलं तू. चित्रपट म्हणजे काय ते मला त्या अंधाऱ्या खोलीत तू शिकवलंस, आणि पुढच्याच महिन्यात बाबांना झटका आला. तू म्हणालीस, तू जा तुझ्या सिनेमाच्या कामाला, मी बघते इथलं. मी गेलोसुद्धा. एकदाही नको म्हटलं नाही. सहा वर्षं तू त्यांना भरवलंस, आणि तुझ्या लघुपटाचे डबे पलंगाखाली पडून राहिले.

पुढचं तुला माहीत आहे. माझ्या चौथ्या चित्रपटात एक म्हातारा टेबलाशी बसून बटण लावतो. तसंच मागे रेलतो. माझ्या फोकसवाल्याला मी म्हणालो, चेहरा सोडून दे. बिचारा वीस वर्षं मुरलेला माणूस, त्याचा हातच ऐकेना. आपोआप चकती फिरवायचा. तुझ्याकडे एका दमात झालेली चूक करायला आम्हाला अकरा टेक लागले. समीक्षकांनी त्या दृश्यावर पानंच्या पानं लिहिली. धूसर होत जाणारा बाप ही माझी ओळख झाली, माझ्यावरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गेली. मी मनाशी म्हणायचो, बाबा माझेही होतेच की, आणि चकती तर माझ्याच हातात होती. ही मखलाशी बरीच वर्षं पुरली. बाबा दोघांचे होते हे खरं. पण त्यांच्याकडे बघणारी नजर तुझी होती आणि मी ती ढापली. चित्रपट पाहून तुझा फोन आला होता. तू म्हणालीस, छान झालाय, फोकस छान हुकलाय. मग विचारलंस, जेवलास का? मी हो म्हणालो.

आता मुद्द्यावर येतो, फार टाळलं. तू डबे काढून लघुपट पुरा केलास हे मला भाचीने सांगितलं नाही. तू तिला सांगू नको म्हणाली असशील. तो महोत्सवाला पाठवलास हेही ठाऊक नव्हतं, आणि निवड समितीचा अध्यक्ष मी आहे हे तुला ठाऊक असणं शक्य नव्हतं. प्रवेशिका नावं झाकून येतात, नुसता क्रमांक. गेल्या बुधवारी सतरावा क्रमांक लागला आणि पडद्यावर बाबा आले. अठ्ठावीस वर्षांनी त्या टेबलाशी बसलेले बाबा समोर आले, ताई, आणि मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी शेजारच्या दोघांचे चेहरे बघत होतो. अर्जावर पूर्ण झाल्याचं वर्ष यंदाचं. त्यांना वाटलं, कुणीतरी नवशिक्याने जुनं दिसावं म्हणून कृष्णधवल केलंय. दिवे लागले तसे दोघे एकदम म्हणाले, सर, ही तर तुमच्या दृश्याची उघडउघड चोरी. सतरावा क्रमांक बाद झाला. "दुसऱ्याच्या कलाकृतीचा प्रभाव टाळून स्वतःची नजर शोधावी" असा शेरा लिहिला गेला आणि त्याखाली मी सही केली. तो शेरा असलेलं नकाराचं पत्र सोमवारी तुझ्या हातात पडेल. त्याआधी हे पडावं म्हणून लिहितोय. समितीला खरं काय ते आज सविस्तर लिहिलंय, तुझ्या लघुपटाची तारीख, लॅबचं नाव, माझं नाव, सगळं. दोन्ही पाकिटं आत्ता एकदमच टाकणार आहे, म्हणजे एक टाकून मागे फिरायची सोय नको. वर्तमानपत्रात येईल, येऊ दे. पण एक गोष्ट त्या पत्रात नाही, ती फक्त तुला सांगायची होती. सही करताना ते दोघे म्हणाले, सर, तुम्हाला राग कसा येत नाही? मी हसलो. म्हणालो, चोरी नका म्हणू, आदरांजली असेल, कुणी पोरसवदा असेल बिचारं. त्यांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, आणि मी ते करून घेतलं. ताई, बाबांना समोर ठेवून, चार लोकांत, मी तुला माफ केलं.

तुझाच,
धाकटा