उंच केलेला तंबू

प्रिय ठमे,

आमच्या लग्नाच्या पन्नाशीला तू तंबू पाठवलास, त्याला महिना झाला आणि मी आत्ता लिहितेय. रागावू नकोस. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, सुई भराभर चालते, पेन चालत नाही.

तंबू आला तेव्हा ह्यांनी खोकं फोडून अंगणातच उभा केला. जन्मभर बस चालवली, लोकांना तळ्यावर सोडलं, पण आपण दोघं चार दिवस तिथे राहू हे नुसतं ठरलेलंच राहिलं. हे हौसेनं आत शिरले आणि बाई गं, ह्यांना बाहेर येता येईना! छत इतकं ठेंगणं, की ऑपरेशन झालेल्या गुडघ्यावर रांगत यावं लागलं. शेजारचा न्हावी कुंपणावरून हसला. झालं! "घडी घाल त्याची," म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले. बदलून आणू म्हटलं, तर "नातीनं हौसेनं दिलेली वस्तू परत करायची नाही," म्हणून माझ्यावरच डाफरले. मला धास्ती बसली, आता हा माणूस खुर्चीतून उठत नाही.

मग मी थाप मारली. तंबूच्या कारखान्यात एकोणीस वर्षं मशीनवर बसले आहे, म्हटलं, जुन्या मैत्रिणीकडे नेऊन उसवते आणि उंच करून आणते. गेले थेट दुकानात. एकेका तंबूत आडवी झाले, उठले, पुन्हा आडवी झाले. दुकानातली मुलगी म्हणाली, "आजी, दोघांना दोघांचा पुरतो." म्हटलं, मावतात गं, पण रुसल्यावर पाठ फिरवायला जागा नको? शिवणी उलट्या करून बघितल्या, वरून बाटलीभर पाणी ओतलं. शेवटी तुझा देऊन चौघांचा घेतला. आत उभं राहता येतं, आणि दारं दोन्ही बाजूंना. हे पहाटे उठतात, मला ओलांडून जायला नको. रंग मात्र तोच हिरवा, संशय नको म्हणून.

आणि आम्ही तळ्यावर चार दिवस राहून आलो! हे रोज सकाळी ताठ उभ्यानं बाहेर यायचे. शेजारच्या तंबूतल्या तरुण जोडप्याला ऐकवलं, "आमच्या हिनं वाढवलाय, जोड शोधून दाखवा!" मी मान खाली घालून बटाटे सोलत बसले.

आता खरी गोष्ट. काल ह्यांची विजार धुवायला घेतली, तर खिशात तंबूचं लेबल निघालं, दोऱ्यासकट, नीट घडी घातलेलं. 'चार माणसांसाठी'. मी काढायला विसरले होते, ह्यांनी गुपचूप काढलं. म्हणजे सगळं ठाऊक असून चार दिवस माझ्या शिवणीचं कौतुक करत होते! रविवारी तुला फोन करतील, तुलाही तेच सांगतील. तू फुटू नकोस हं. उलट विचार, आजीनं एवढा उंच केला तरी कसा? सांगू दे त्यांना. मलाही ऐकायचंय. तुझे उपकार कसे फेडू गं पोरी!

तुझीच,
थापाडी आजी