दाजींची गाडी आणि माझ्या हाताचा गुण

आदरणीय दाजी,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण सध्या कंबर वाकत नाही, तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला गेला का? इकडे सगळं ठीक. बदलीवर जाताना तुम्ही विश्वासाने आमच्या शेडमध्ये ठेवलेली जुनी गाडीही ठीक आहे (मधे तिचे काही भाग स्वयंपाकघरात होते, पण घराबाहेर काही गेलं नाही).

त्याचं असं झालं, गाडी चढावर धापा टाकू लागली. मी लगेच मोबाइलवरच्या ‘जुन्या गाड्यांचे जाणकार’ या गटात विचारलं. (गटात कुणाकडेच जुनी गाडी नाही, त्यामुळे मतं निःपक्षपाती असतात.) निदान झालं: इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा थकल्यात, घरीच बदला. आता, स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह इंजिनाच्या पोटात पडतो, म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून दोरी कोंबून त्याला खालून आधार द्यायचा. दोरी सापडेना, म्हणून मी पायजम्यांच्या नाड्या काढून वापरल्या. अंगावरच्या पायजम्याचीही. पुढचं सगळं काम मी एका हाताने केलं, हे लक्षात घेऊन वाचावं.

पहिली स्प्रिंग दाबली, तशी तिला अडकवून ठेवणारी इवलीशी पाचर उडाली, ती थेट शेजारच्या निवृत्त न्यायाधीशांच्या चहात. ते सल्ला द्यायला कप घेऊनच आले होते.

“हे असंच व्हायचं असतं का?”

“अगदी असंच,” मी म्हणालो.

पाचर गाळणीने मिळाली, पण नाडीचं टोक निसटून आत गेलं. ते चिमट्याने ओढायला मी दोन्ही हात लावले. (न्यायाधीश मान वळवून निघून गेले.) ही दारातून म्हणाली, “काढलंय ते परत बसणार आहे का?” मी म्हटलं, “आज इंजिनाला जरा विश्रांती देऊ,” आणि सुटे भाग स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

आणि काय सांगू! दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो, किल्ली फिरवली, गाडी एका दमात सुरू! गटाचं म्हणणं, चांगलं पोलाद आपली जागा आपणच शोधतं. माझ्या हाताला गुण आहे, हे ताईला जरूर सांगा. ती अजून मी खोललेल्या रेडिओचं प्रकरण काढते.

तुमचा आज्ञाधारक मेहुणा

ता. क. : गिअरबॉक्सही उघडावा, असा गटाचा आग्रह आहे. तुमची परवानगी गृहीत धरतो.

आणखी एक ता. क. : भावोजी, अक्षरावरून ओळखलं असेलच. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. हे ऑफिसला गेल्यावर मी गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. ह्यांना सांगू नका, हल्ली शीळ घालत अंघोळ करतात. गिअरबॉक्सला सक्त मनाई कळवा, पण कृपा करून गाडी इथेच राहू द्या. काचा पुसणं वगैरे काहीतरी बिनधोक काम सांगा. काल ते माझ्या शिलाई मशीनकडे बघून म्हणाले, “ही थकल्यासारखी वाटते.”