मागची डावी सीट

५ जानेवारी, रविवार

परत वाजली! कर्र–खट, कर्र–खट, पार मानवत गाव येईपर्यंत. दर रविवारी बापूंना तिथे आत्याकडे नेते आणि दर रविवारी ही जुनी गाडी माझं डोकं उठवते. बापू मागे, डाव्या बाजूला. पुढे बसतच नाहीत — "पुढं बसलो की पाय ब्रेक हुडकतो." तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस! डोळे मिटून आवाज ऐकत होते. "इंजिन न्हाई सुमे. मागं हाय कायतरी."

८ जानेवारी

शाळेत एकटी गेले. गाडी चिडीचूप. तरी डिकीतले पाने, छत्री, स्टेपनी सोडून सगळं काढून घरात ठेवलं.

१२ जानेवारी, रविवार

डिकी रिकामी, तरी वाजली! म्हणजे बापू बसले तरच वाजते. बापू हसले, "तिला बी कळतंय, डायवर मागं बसलाय."

१८ जानेवारी, शनिवार

मुंजाजी मिस्त्रींकडे दुपार गेली. त्यांनी शेजारच्या धान्याच्या आडतीतून तीस-तीस किलो तुरीच्या दोन थैल्या आणल्या आणि बापूंच्या जागी ठेवून चक्कर मारली. एक थैली — गप्प. दोन — कर्र–खट! "साठच्या आसपास वजन गेलं की वाजायलीय ताई. डाव्या अंगाची स्प्रिंग बसली." नवी मागवावी लागेल, महिना जाईल म्हणे.

बापू स्टुलावर बसून मन लावून ऐकत होते. दिवाळीत काट्यावर सहासष्ट किलो भरले होते. "थैल्यांपरीस मी भारी," म्हणाले.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून मानवत. निघताना दगडाआत्या गाडीपर्यंत आली. "दादा चतकोर बी खाईना की गं." बापू म्हणाले, "दात दुखायलेत." येताना आवाज जरा कमी वाटला.

२ फेब्रुवारी, रविवार

आवाज गेला! जाताना नाही, येताना नाही. लगेच मुंजाजींना फोन केला, स्प्रिंग नको म्हणून. बापू शाल घट्ट ओढून बाहेर बघत बसले.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या शाळेतल्या रेणुकाबाईंना घरी सोडलं. पुढच्या सीटवर विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते होते, म्हणून त्या मागे बसल्या. डावीकडे. कर्र–खट.

गाडी तीच, स्प्रिंग तीच. मग रविवारी का नाही वाजली? त्यांना दारात उतरवलं आणि तशीच गाडीत बसून राहिले.

घरी येऊन बापूंच्या खांद्यावर हात ठेवला. दोन स्वेटर, वर शाल, आणि खाली नुसतं हाड. महिनाभर मी गाडीकडे कान लावून होते. ताटाकडे एकदा तरी बघायचं! स्वतःचीच लाज वाटते.

६ फेब्रुवारी

परभणीच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. बापू भडकले. "तुझी माय चालत गेल्ती दवाखान्यात. आली का चालत?" काट्यावर उभं राहायलाही तयार नाहीत. शेवटी म्हणाले, "रविवारी गाडीत बसतो. वाजली तर दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई."

मी हो म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा गाडी वाजावी म्हणून देवापुढे दिवा लावला.

९ फेब्रुवारी, रविवार

वाजली! गावाबाहेर पडल्या पडल्या! मला चालवता चालवता रडू फुटलं. मागून बापू, "आता पटलं का?" आत्याकडे अर्धी भाकरी खाल्ली, माझ्यासमोर. परत आल्यावर डॉक्टरांची वेळ रद्द केली. मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शाळेतून येताना पंक्चर. स्टेपनी काढायला डिकी उघडली. डाव्या कोपऱ्यात बापूंच्या खाकी शर्टात गुंडाळलेल्या चार विटा. आपल्या न्हाणीजवळच्या. एकेक करून आणल्या असतील, मी शाळेची तयारी करत असताना.

विटा रस्त्याच्या कडेला ठेवल्या. शर्ट घरी आणला. उद्या सकाळी सातला परभणी. बापूंना अजून सांगितलं नाही.