यज्ञेशने सांगितलेलं स्टूल

वर्षाली,

तुझा होणारा नवरा आमच्या घरी आईचा पाय हातात घेऊन बसतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. फिजिओच्या कॉलेजात आपण तिघं एकाच वर्गात होतो. दुसऱ्या वर्षी मी कॉलेज सोडलं, मग तू मला.

आईच्या गुडघ्याची झीज झालीये, आतली गादीही फाटलीये. यज्ञेश म्हणाला, "मावशी, ऑपरेशनची घाई नको. रोज व्यायाम करा आणि मासळी विकायला पाटावर नाही, स्टुलावर बसा."

आई मला म्हणते, "पोऱ्या गुनाचा हाय. वर्षालीनं बरोबर बघितला."

मी जळालो. तो गेल्यावर आईला सांगितलं, स्टुलावर बसणाऱ्या कोळणीकडे गिऱ्हाईक फिरकत नाही, त्याला काय कळतंय. तो बरोबर होता हे मला माहीत होतं, तेवढं मी शिकलेलो.

शनिवारी डोंबिवलीच्या बाजारात पाटावरून उठताना तिचा गुडघा अडकला. शेजारच्या दोन कोळणींनी धरून रिक्षात बसवलं. मी पोचलो तेव्हा ती त्यांना सांगत होती, "माझा पोऱ्या स्टूल आनून देत होता, मीच नको बोलली."

उद्या यज्ञेश आला की त्याच्यासमोरच आईला खरं सांगणार आहे. तुला सांगायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील.

अजून जळतोच आहे,
चिराग