पराश्काच्या बोटांसाठी गांजाची चार झाडं

नोवा दोलीना, सास्कॅचेवान
२६ ऑगस्ट, सोमवार

तीर्थरूप स्तेफ्काताईस,

धाकट्या भावाचा, नेस्तोरचा, साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात समज. खाली वाकलो तर मला उठवणार कोण? माझ्या पराश्काच्या हातांच्या संधिवाताचं तुला माहीतच आहे.) तुझं गुडघ्याचं दुखणं, भावजींचा कान आणि तुमचे सगळे हंस यांची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. इकडची खुशाली कळवावी असं मनात होतं, पण सकाळपासून शोधतोय, एकही सापडली नाही. पाऊस नाही. शेतातला कॅनोला गुडघ्याएवढा होऊन थांबलाय. चर्चच्या छपराचं काम अर्धवट आहे. आणि तू, ताई, पिवळी पडली आहेस.

घाबरू नकोस. तू म्हणजे झाड. सांगतो.

तुला आठवत असेल, गेल्या वर्षी सरकारच्या घरटी चार झाडांच्या सवलतीचा फायदा घेऊन मी मागच्या अंगणात गांजा लावला होता. ओढायला नाही. (माझं ओढणं तुला ठाऊक आहे. सतराव्या वर्षी बाबांच्या पाइपचा एक झुरका मारला आणि कोठाराच्या मागे ओकलो, तेव्हा तूच पाणी आणून दिलंस.) लावला तो पराश्काच्या बोटांसाठी. त्यातून निघालेला पाला तू पाठवलेल्या हंसाच्या चरबीत मंद आचेवर शिजवला, गाळला आणि कॉफीच्या डब्यात बाम भरून ठेवला. घरात तीन आठवडे मेलेल्या स्कंकचा वास येत होता. फादर मिरोन घराला आशीर्वाद द्यायला आले आणि दारातच आशीर्वाद देऊन गेले. पण बाम झाला. तेव्हापासून रोज बातम्या लागल्या की पराश्काचे दोन्ही हात मांडीवर घेऊन मी एकेक बोट चोळतो. हवामानाचा अंदाज लागला की थांबतो, कारण तो ऐकून माझे हात गळतात. डबा तळाला गेला असं मला वसंतापासून वाटतंय, तरी चमचा फिरवला की रोज थोडं निघतंच. काटकसरीने वापरतोय म्हणून असेल. पण किती दिवस पुरणार?

आणि तो पुरायला हवा, ताई. दर गुरुवारी चर्चच्या हॉलच्या तळघरात बायका बटाटा भरून पिरोही करायला बसतात, तिथे पराश्का चाळीस वर्षं टेबलाच्या मधोमध बसायची. तिच्यासारखी मुरड घालणारी बाई आपल्या तीन गावांत नव्हती. एका मिनिटात अकरा, आणि उकळत्या पाण्यात एकही फुटायची नाही. आता ती दाराजवळ खुर्ची टाकून बसते आणि ताटं मोजते. मागच्या गुरुवारी मी बटाट्यांचं पोतं पोचवायला गेलो तर सोनिया तिला म्हणत होती, "तू नुसती बस गं, आम्ही आहोत की." पराश्का हसली आणि तिने हात एप्रनखाली घेतले. मला ते बघवलं नाही. पोतं तिथेच टाकून बाहेर आलो आणि ट्रकमध्ये बसून राहिलो. ऑक्टोबरच्या जेवणावळीला ती टेबलाच्या मधोमध बसली पाहिजे, एवढं एकच मी या वर्षी ठरवलं होतं.

म्हणून यंदा हयगय नको, असं म्हणून फेब्रुवारीतच तळघरात दिव्याखाली झाडं लावली. कोबीच्या बरणीशेजारी, उबेला. पराश्काने त्यांना नावं दिली: दोका मावशी, आन्ना मावशी, क्सेनिया काकू आणि तू. (तुझं झाड सगळ्यांत उंच होतं आणि दुसऱ्यांच्या उजेडात घुसायचं. नाव ठेवताना मी तिथे नव्हतो.) एप्रिलपर्यंत दृष्ट लागावी अशी वाढली. मग पानं पिवळी पडू लागली. नुसत्या शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. आता आपल्या गावात कुणाचं काही पिवळं पडलं की ते हॉलमध्ये न्यायचं असतं, तसं एक पान मी रुमालात गुंडाळून नेलं. सोनिया म्हणाली गंजलेले खिळे पुरा. तिची बहीण म्हणाली अंड्याची टरफलं कुटून घाला, आमच्या टोमॅटोंना घालतो. आम्ही दोन्ही केलं. टरफलं तर मी इतकी घातली की महिनाभर आमच्या घरी अंड्याशिवाय दुसरं काही शिजलं नाही. पानं आणखी पिवळी झाली.

शेवटी शहरात गेलो, गांजाच्या दुकानात. तिथे काउंटरवर आपल्या दुमा कुटुंबातली डार्ला असते, नाकात दोन रिंगा आहेत पण मुलगी गुणी आहे. तिने पान बघितलं आणि विचारलं, "काका, पाणी कुठलं घालता?" म्हटलं, विहिरीचं. म्हणाली, पाण्याचा सामू किती? मी म्हटलं, खोली एकशे वीस फूट. मग तिने मला स्टुलावर बसवलं आणि समजावलं. पाणी आंबट की खारट-तुरट हे मोजायचा तो आकडा. सात म्हणजे मधोमध. झाडाला सहा-साडेसहा लागतो, त्याच्या वर गेला की मातीत लोखंड असूनही मुळांना ते उचलता येत नाही. (म्हणजे आमचे खिळे तिथेच पडून होते आणि मावश्या त्यांच्याकडे बघत उपाशी मरत होत्या.) वर टरफलांमुळे आकडा आणखी चढतो म्हणे. मग तिने हळूच विचारलं, "काका, पाणी मऊ करायचं मिठाचं यंत्र बसवलंय त्या नळाचं पाणी तर घालत नाही ना?" आपल्याकडे कुठल्या घरात ते यंत्र नाही? त्याच्याशिवाय चहावर साय येते. फेब्रुवारीपासून मी त्याच नळाचं, मिठावरून गेलेलं पाणी झारीने घालत होतो. दोका मावशी त्याच आठवड्यात गेली.

डार्लाने मला मोजायची पेन दिली. पाण्यात टोक बुडवायचं, आकडा येतो. विहिरीचं पाणी मोजलं तर आठ पूर्णांक चार. मी चार वेळा मोजलं, विहिरीला संधी दिली. आठ पूर्णांक चार. आपल्या आजोबांनी ही विहीर खणली, तिचं पाणी पिऊन नऊ मुलं वाढली, तिच्याबद्दल असं काही ऐकायची पाळी माझ्यावर यावी. असो. डार्ला म्हणाली व्हिनेगर घाला, थेंब थेंब. घातलं. सहावर आलं. मी इतका खूश झालो की पराश्काला तळघरात बोलावून आकडा दाखवला. सकाळी त्याच बादलीत पेन बुडवली तर आठाच्या जवळ. रात्रीतून पाणी परत आपल्या मूळ गुणावर गेलं. मग पुन्हा व्हिनेगर, पुन्हा सकाळी तेच. दगड विरघळलेलं पाणी असं सहजी ऐकत नाही म्हणे. पंधरा दिवसांत पराश्काचं लोणच्यासाठी आणलेलं सगळं व्हिनेगर मी त्या बादलीत ओतलं, आणि नेमक्या तेव्हाच काकड्या आल्या. त्या आठवड्यात आमच्या घरी जे शांत वातावरण होतं ते तू बघायला हवं होतंस.

आता इथे माझी चूक झाली, मी कबूल करतो. व्हिनेगर संपलं, पण तळघरात गेल्या वर्षीच्या काकड्यांच्या बरण्या होत्या, काकड्या खाऊन झालेल्या, नुसता आंबवलेला खार उरलेला. पेन बुडवली: साडेतीन. म्हटलं हे घरचं आहे, आंबट आहे, शेपू आहे, लसूण आहे, आपण स्वतः पितो. बादलीत तीन बरण्या ओतल्या. आकडा अगदी सहा. त्यात मीठ आहे हे माझ्या लक्षात आलं ते दोन दिवसांनी, आन्ना मावशीची पानं कडेने करपून बोटांसारखी आत वळली तेव्हा. (तळघरात अजून शेपूचा वास येतो. मला तो आता सहन होत नाही. परवा बिटाचं बोर्श्ट तसंच ठेवून उठलो.)

उरल्या क्सेनिया काकू आणि तू. मी डार्लाकडून बिनमिठाची आंबट पूड आणली, रोज सकाळी पाणी ताजं मिसळायचं आणि लगेच घालायचं, असा नेम केला. आकडा रोज नीट. आणि क्सेनिया काकू रोज खाली. काही कळेना. एके दिवशी पेन शोधतोय तर ती चमच्यांच्या खणात, काट्यांशेजारी, लख्ख पुसलेली. पराश्का म्हणाली, "तिच्या टोपणात कसलं तरी घाण पाणी साचलं होतं, मी रोज ओतून, धुऊन, कोरडी करून ठेवते." ताई, ते घाण पाणी नव्हतं. त्या पेनचं टोक कायम त्या पाण्यात भिजत राहायला हवं, कोरडं पडलं की ती मनाला येईल तो आकडा दाखवते. पाच आठवडे मी खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून पूड घालत होतो. नव्या पेनने मोजलं तर माझं पाणी चारच्या खाली. चारच्या खाली काकड्यांचं लोणचं पडतं. पराश्काला मी एक शब्द बोललो नाही. ज्या हातांना चमचा धरवत नाही त्या हातांनी ती रोज माझी पेन धूत होती, तिला काय बोलणार? कोठारात जाऊन ट्रॅक्टरला बोललो.

क्सेनिया काकू पंधरा ऑगस्टला गेल्या. उरलीस तू एकटी, वरची चार पानं हिरवी, बाकी पिवळी. आणि मी हात टेकले. आता जे लिहितोय ते भावजींना वाचून दाखवू नकोस. मी घरातलं सगळं पाणी मोजत सुटलो. विहीर, नळ, कुत्र्याचं भांडं, तळ्याचं पाणी. (पन्हळीखालचं पिंप कोरडंच आहे, त्यात जूनपासून थेंब नाही.) मग माझी नजर गेली देवाच्या तसबिरीमागे. तिथे जानेवारीतल्या योर्दानच्या सणाची, पवित्र पाण्याची बाटली. यंदा चर्चचा नळ गोठला होता म्हणून फादर मिरोननी बर्फ वितळवून पिंप भरलं होतं आणि त्यालाच आशीर्वाद दिला होता, हे मला आठवलं. क्रुसाची खूण केली, पेन बुडवली. सहा पूर्णांक तीन.

मी काय करणार होतो? दोन दिवसांत सगळी बाटली तुला घातली. घालताना प्रार्थनाही म्हटली. आणि ताई, तू सावरलीस. नवीन पान हिरवं आलं. मग मला घाम फुटला, कारण पराश्का दर रविवारी चर्चला निघताना त्याच बाटलीतलं पाणी बोटांना लावते. मी बाटली विहिरीच्या पाण्याने भरून परत जागेवर ठेवली. काल रविवारी तिने ते बोटांना लावलं, डोळे मिटून, आणि मी शेजारी टोपी हातात घेऊन उभा होतो. इतकं लाजिरवाणं मला उभ्या जन्मात वाटलं नाही.

तेव्हा असं आहे सगळं. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तराची घाई नाही.

तुझा भाऊ,
नेस्तोर

ता. क. घाई आहे. मिखाइलो पुढच्या आठवड्यात तुमच्याकडून इकडे येतोय. त्याच्याबरोबर तुझ्या घरची योर्दानच्या पाण्याची बाटली पाठव. शक्य असेल तर शेजारणींच्याही माग, कारण सांग की आजारी माणूस आहे. खोटं नाही. एक बाटली पराश्कासाठी, बाकीच्या तुझ्यासाठी, म्हणजे झाडासाठी.

ता. क. २. पाठवण्याआधी जमलं तर मोजून घे. तुमच्या चर्चचं पाणी सातच्या वर असेल तर पाठवू नकोस, मला त्याचा उपयोग नाही. (हे वाक्य वाचून झालं की एवढा तुकडा फाडून चुलीत टाक.)

वन्सं, मी पराश्का. पत्र पाकिटात घालायला त्याने माझ्याकडे दिलं. अक्षर वाकडं आहे, पेन दोन्ही हातांनी धरलंय. बाटलीतलं योर्दानचं पाणी ईस्टरच्या आधीच संपलं होतं, मला खोकला झाला तेव्हा. जूनमध्ये पिंप आटायच्या आधी मीच बाटलीत पन्हळीचं पाणी भरून ठेवलं, रिकामी बाटली त्याला दिसू नये म्हणून. तेव्हा त्याला पाप लागलेलं नाही, पण हे त्याला इतक्यात सांगू नका. विहिरीच्या पाण्याचं पांढरं कडं बसलंय बाटलीला, आधी ते घासू दे. बामही एप्रिलमध्येच संपला. तेव्हापासून त्या डब्यात तुमच्या हंसांची नुसती चरबी असते, मी रोज सकाळी चमचाभर घालते. बोटं होती तशीच आहेत. बाम होता तेव्हाही तशीच होती. पण चव्वेचाळीस वर्षांत हा माणूस माझे हात धरून असा अर्धा तास कधी बसला नव्हता. पाणी पाठवू नका. चरबी संपत आलीय, मोठा डबा पाठवा.