थोरलं हजार

मोहाचीवाडी, ता. मुरबाड
४ फेब्रुवारी २०२४

चि. सुरेंद्र यास ताईचे अ. उ. आ.

इथे डोंगराआड फोन लागत नाय, म्हणून पत्र. सर्व्हेवाले ओढ्यावर खुणा करून गेले. दोन मिलियनचा बंधारा होणार, एवढंच बोलले. शेखरभावजी म्हणतात, टीएमसीतला एम म्हणजे मिलियनच. तर हे दोन टीएमसी, सगळी वाडी बुडणार. ह्यांनी नव्या घराचं जोतं अर्धवट सोडलंय. सासूबाईंचं माहेर पूर्वी धरणाखाली गेलेलं. त्यांनी देवांचे टाक फडक्यात बांधून ठेवलेत, जेवतही नायत. कचेरीत जा म्हटलं तर हे म्हणतात, खरं निघालं तर काय करू? तू विचारशील? स्नेहलला आशीर्वाद. तिच्या हातचं खाऊन तू फुगलास म्हणे.

माया आहे तशी असू दे.
तुझी ताई

शहापूर
१२ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

रजा टाकून मुरबाडला गेलो. आधी निकाल सांगतो: वाडी बुडत नाही. इंजिनीअरांनी नकाशा दाखवला. पाणी ओढ्याच्या पात्रात आणि दोन्ही काठांच्या खाचरांत थोडं चढेल. दोन टीएमसी नव्हे, दोन मिलियन घनफूट. टीएमसीतला टी भावजींनी सोडला. टी म्हणजे हजार. हजार मिलियन झाले की एक टीएमसी.

घरी स्नेहलने शब्दाचं मूळ शोधलं. इटालियनमध्ये मिले म्हणजे हजार. शेपटीला ‘ओने’ लावलं की मोठेपणा येतो. म्हणजे मिलियन हे थोरलं हजार. हजार वेळा हजार, आपले दहा लाख. भावजींना सांग, पण हसू नकोस. ते घाबरले ते तुमच्यासाठीच. आणि मी फुगलो नाही, शर्ट आटलेत.

भावजींना नमस्कार. विसरू नये.
तुझा सुरेंद्र

मोहाचीवाडी
२० फेब्रुवारी २०२४

चि. सुरेंद्र यास अ. उ. आ.

पत्र वाचून दाखवलं. हे उठून जोत्यावर दगड लावायला गेले. शेखरभावजी दिवसभर कुणाच्या नजरेस पडले नाय, मग तेही दगड वाहायला आले.

सासूबाईंचा मात्र विश्वास बसेना. काल मला घेऊन ओढ्यावर गेल्या. चुन्याची खूण बघितली, तिथून घर किती लांब ते वळून वळून बघितलं. मग पाण्यात पाय सोडून बसल्या आणि म्हणाल्या, “एवढं पानी तं आपल्या ढोरांनाच लागतं गो.”

घरी येऊन त्यांनी दोनदा भात मागून घेतला.

तुझी ताई