कर्दळीच्या वाफ्याचा रिपोर्ट

पप्पा, मी तुमच्यावर चिडलेय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, आता चिडून काय उपयोग, असं मम्मी म्हणते. पण ज्याच्याशी भांडायचं तोच जागेवर नाही, म्हणून राग जास्त येतो.

घाटकोपरच्या खोलीतलं स्वयंपाकघर आठवतं. मी नववीत. तुम्ही सांडपाणी केंद्राच्या प्रयोगशाळेत कामाला. नमुन्यासाठी उकळून आणलेली रिकामी बाटली तुम्ही ओट्यावर ठेवली होती. मदत करावी म्हणून मी ती नळाखाली विसळली. कधी आवाज न चढवणारे तुम्ही असे ओरडलात की शेजारच्या काकू डोकावल्या. "नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. त्यानं जंतू मरतात नि बाटली खोटं बोलते. त्यापेक्षा फुटलेली बरी!" मी रडले, आणि मोठेपणी हेच काम करायचं असं तेव्हाच ठरवलं. केलंही. आज हाताखालच्या पोरांना मी तेच ऐकवते, तुमचं नाव घेऊन.

गावाकडच्या तुमच्या कामाचा तर मला केवढा अभिमान. माणदेशात प्यायचं पाणी टँकरचं, पण वरच्या आळीचं मोरीचं पाणी बारा महिने आपल्या बौद्धवस्तीच्या दारातून वाहायचं. सुट्ट्या टाकून तुम्ही ते अडवलंत. आधी गाळाची टाकी, मग खडी-वाळूचा वाफा, त्यात कर्दळ. वास गेला, डास कमी झाले. वरच्या आळीतले म्हणायचे, सगळं थोतांड, बुजवून टाका. मग तुम्ही ग्रामसभेत तपासणीचा रिपोर्ट ठेवलात, वाफ्यातून निघालेल्या पाण्यात जंतू नाहीत असा, आणि सगळे गप्प. त्या पाण्यावर आत्यानं मेथी, कोथिंबीर, मुळा लावला. आजही लावते.

गेल्या महिन्यात खोली रिकामी करताना तो रिपोर्ट हाती लागला. आधी कौतुकानं वाचला, मग कामाच्या नजरेनं. खालच्या ओळीत क्लोरीन नोंदलेलं. कर्दळीच्या वाफ्यात क्लोरीन येणार कुठून? मम्मीला विचारलं. भांडी बांधता बांधता ती सहज म्हणाली, "अगं, ती बाटली एसटीत सांडली ना. ग्रामसभा परवावर आलेली, पुन्हा जायला सुट्टी कुठे? आपल्या नळाचं भरलं त्यांनी. नाहीतर त्या लोकांनी वाफा बुजवला असता गं." 

लोका सांगे ब्रह्मज्ञान! केसानं गळा कापलात पप्पा, वस्तीचा, आत्याचा आणि माझा. वाफा वाचवायला खोटं बोललात, तेवढं मी समजून घेईन. पण ग्रामसभा उरकल्यावर दुसरी बाटली का नाही भरलीत? आत्याला बाजूला घेऊन सांगायचं होतं, गवत लाव बाई, भाजी नको. आता आठवतंय, तिच्याकडे जेवताना तुम्ही कच्चा मुळा ताटाच्या कडेला सारायचात, दाढ दुखते म्हणून. मला मात्र वाढू द्यायचात. मी तो आवडीनं खायचे.

मी स्वतः गावाला जाऊन नमुना घेतला, बर्फात घालून आणला, तपासला. वाफ्यानं वास जातो, जंतू उरतात. पाणी गवताला, झाडांना चालेल. कच्च्या खायच्या भाजीला अजिबात नाही. मागच्या रविवारी समाजमंदिरात सगळ्यांना वाचून दाखवलं. आत्या उठून उभी राहिली. "मग माझ्या भावानं आणल्याला कागद?"

सगळी वस्ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "तेव्हा पाणी चांगलंच होतं, आत्या. आता खडीत गाळ भरलाय."

"येवढंच व्हय? मग खडी धुऊन काढू की," ती म्हणाली आणि हसली.

कालपासून वस्तीनं श्रमदान सुरू केलंय. बाया घमेल्यांनी खडी उपसताहेत. धुऊन झाली की आत्या पुन्हा मेथी, मुळा पेरणार, बीसुद्धा आणून ठेवलंय तिनं. खडी कितीही धुतली तरी ते पाणी मेथी-मुळ्याला चालणार नाही, हे मला माहीत आहे. रोज तिचा नंबर काढते आणि फोन खाली ठेवते.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्हाला ते पोचणार नाही.